सबफ्रेम उतरवून बसवल्यावर गाडी ओढते, ‘खट्’ वाजते: दोष कुठे शोधायचा आणि काम परत कसं करायचं

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच क्रमाने येते. क्लच प्लेट, स्टिअरिंग रॅक किंवा ऑइल चेंबरच्या कामासाठी पुढची सबफ्रेम (इंजिनखालची लोखंडी चौकट) खाली घेतलेली असते. काम झाल्यावर गाडी आठवडाभर बरी वाटते. मग सरळ रस्त्यावर हात सैल सोडला की ती एका बाजूला सरकायला लागते. रिव्हर्स घेऊन ब्रेक दाबला की पायाखाली एकदाच ‘खट्’ वाजतं. मालक अलाइनमेंट करून घेतो, चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. मग लोअर आर्म (चाक फ्रेमला जोडणारे खालचे दांडे) बदलतात, लिंक रॉड बदलतात, शॉकअप बदलतात, आणि आवाज जागच्या जागी.

अशा गाड्या माझ्याकडे वर्षभर येत असतात. त्यातले नवे घातलेले पार्ट बहुतेक वेळा चांगलेच असतात. ते ज्या चौकटीवर बसलेत ती चौकट चार-पाच मिलिमीटर सरकलेली असते, नाहीतर तिचे बोल्ट पुरेसे धरत नसतात. फ्रेम बसवताना चूक झाली असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, चूक त्याच्याही आधीची आहे: फ्रेम उतरवण्यापूर्वी तिच्या जागेची खूण कोणी केलेली नसते. एकदा ती जागा हरवली की बसवणारा कितीही हुशार असो, तो अंदाजानेच बसवणार.

ही सबफ्रेम, म्हणजे कोणी तिला क्रॉसमेंबर म्हणतं, कोणी के-फ्रेम, पुढच्या चाकांचा पाया असते. दोन्ही लोअर आर्म तिच्यावर, स्टॅबिलायझर बार तिच्यावर, बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग रॅकही तिच्यावर, आणि इंजिनचं खालचं किंवा मागचं फाउंडेशनही (इंजिन धरणारं रबरी माउंटिंग) तिच्यावर. बॉडीला ती चार किंवा सहा बोल्टांनी धरलेली असते. कारखान्यात जोडणी सोपी जावी म्हणून फ्रेमची भोकं बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवलेली असतात. म्हणजे सगळे बोल्ट सैल असताना फ्रेम हाताने ढकलली तरी इकडेतिकडे सरकते. बोल्ट आवळले की जिथे असेल तिथे कायमची बसते. बरोबर जागी असो वा नसो.

आधी खात्री करा, दोष फ्रेमचाच आहे का

पुन्हा सगळं उघडण्याआधी दोन तपासण्या कराव्यात. दोन्हींना खर्च फारसा नाही.

पहिली तपासणी अलाइनमेंटच्या छापील कागदावर होते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) सेट करता येतो, म्हणून मशीनवाला टो मर्यादेत येऊन कागदावर हिरवा आला की गाडी सोडून देतो. तुम्ही कॅम्बरचे आकडे बघा, म्हणजे समोरून बघताना चाक किती कललंय ते; वरचं टोक आत असेल तर उणे. शॉकअपचं वरचं टोक बॉडीला पक्कं आहे, खालचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाचा सांधा) फ्रेमबरोबर सरकतो. फ्रेम डावीकडे सरकली तर डावा बॉल जॉइंट बाहेर जातो आणि डाव्या चाकाचा कॅम्बर जास्त उणे होतो. उजवा आत येतो आणि तिकडचा कॅम्बर तेवढाच अधिकच्या बाजूला जातो. वरचं टोक आणि बॉल जॉइंट यांत ६०० मिलिमीटर उंची धरली, तर ५ मिलिमीटर सरकण्याने प्रत्येक बाजूला साधारण अर्धा अंश फरक पडतो. म्हणजे दोन चाकांत मिळून जवळपास एक अंश. गाडी ज्या बाजूचा कॅम्बर अधिकच्या बाजूला आहे तिकडे ओढते. एक चाक जितकं उणे, दुसरं तितकंच अधिक, असा आरशासारखा आकडा दिसला की मी आर्म आणि शॉकअपचा विचार बाजूला ठेवतो आणि फ्रेमकडे वळतो. आर्म किंवा शॉकअप वाकला असेल तर बिघाड एकाच बाजूला दिसतो.

मशीन किंगपिन अँगल (चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतं त्याचा समोरून दिसणारा कोन) दाखवत असेल तर तोही बघा. फ्रेम सरकली असेल तर कॅम्बर आणि किंगपिन अँगल दोन्ही बदलतात, पण त्यांची बेरीज बदलत नाही. बेरीज बदललेली असेल तर नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा शॉकअपच वाकलाय.

फ्रेम आडवी न सरकता तिरकी बसली असेल, म्हणजे एक टोक पुढे आणि एक मागे, तर कॅम्बर फारसा हलत नाही, पण कॅस्टरमध्ये (बाजूने बघताना तोच अक्ष मागे किती झुकलाय त्यात) फरक पडतो. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. मोठा फरक आला तर कारण हेच.

दुसरी तपासणी ‘खट्’ आवाजाची. गाडी रॅम्पवर घ्या, फ्रेम आणि बॉडी जिथे एकमेकांना चिकटतात ती जागा तारेच्या ब्रशने घासा आणि दोघांवरून जाईल अशी व्हाइटनरची बारीक रेघ मारा. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून वॉशरपर्यंत आणि वॉशरवरून फ्रेमपर्यंतही मारा. मग गाडी चालवा. पुढे-मागे घेऊन ब्रेक मारा, दोन्हीकडे पूर्ण वळवा, खड्ड्यातून न्या. परत येऊन रेघ बघा. तुटलेली दिसली तर फ्रेम हलतेय. दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

चिपळूणची गाडी

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी एक शिक्षक चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला माझ्याकडे आले. घाटाच्या प्रत्येक वळणावर ब्रेक मारला की ‘खट्’, आणि सपाटीला गाडी उजवीकडे ओढायची. आपला रस्ता डाव्या कडेला उतरता असतो, त्यामुळे गाडी थोडी डावीकडे गेली तर ते समजू शकतं. उतार चढून उजवीकडे ओढते म्हटल्यावर काहीतरी नक्की आहे. त्यांनी सांगितलं, “दादा, दोन्ही आर्म बदलले, शॉकअप बदलले, तीनदा अलाइनमेंट झालं. आता रॅक बदला म्हणतात.” दोन वर्षांपूर्वी क्लचच्या कामात सबफ्रेम उतरवली होती, हे विचारल्यावर कळलं.

कागदावर डावा कॅम्बर उणे १ अंश, उजवा शून्याच्या आसपास. गाडी वर घेतली, मागच्या डाव्या बोल्टचा चिखल खरवडला आणि टॉर्च लावली. फ्रेमच्या पत्र्यावर जुन्या वॉशरचा गोल ठसा होता, कडेला तांबूस गंजाची रेषा. आत्ताचा वॉशर त्या ठशावर नव्हता. तो उजवीकडे, गाडीच्या मधल्या बाजूला सरकून बसला होता, आणि डाव्या कडेला जुन्या ठशातली चंद्रकोरीएवढी चकचकीत पट्टी उघडी पडली होती. बोल्ट बॉडीत जागच्या जागी असतो. म्हणजे त्याच्याखालून फ्रेमच डावीकडे गेली होती. चंद्रकोरीची रुंदी मोजली, साडेचार मिलिमीटर. शिक्षकांना टॉर्च दिली आणि बघायला सांगितलं. त्यांनी बोट लावून बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आवाजाचं कारण त्याच बोल्टांत होतं. चारपैकी दोन बोल्ट टॉर्क पाना (ठरावीक जोर मोजून आवळणारा) लावताच फिरले. आटे मातीने भरलेले. जुलै २०२१ च्या पुरात गाडी पाण्याखाली होती, फ्रेमच्या पोकळीतून मूठभर वाळलेला गाळ निघाला. आट्यांत गाळ असला की पाना घट्ट लागतो, माणसाला वाटतं आवळलं, पण ती ताकद घर्षणात गेलेली असते. फ्रेमला बॉडीवर दाबून धरायला काही उरत नाही. कोकणातल्या आणि पुरातून निघालेल्या गाड्यांत हे मी पुन्हा पुन्हा पाहतो.

काम परत करताना: इंजिन आधी

घाई करणारा माणूस आधी फ्रेमच्या बोल्टांना हात घालतो. आधी इंजिन धरायचं.

आडवं इंजिन असलेल्या बऱ्याच आजच्या गाड्यांत इंजिनचं वजन डाव्या-उजव्या वरच्या फाउंडेशनवर असतं आणि सबफ्रेमवर फक्त एक टॉर्क रॉड, हाडासारख्या आकाराचा. तो सोडला तर इंजिन पडत नाही, पण झोपाळ्यासारखं झुलतं. काही गाड्यांत मात्र इंजिनचे पुढचे-मागचे फाउंडेशन थेट फ्रेमवर असतात. तिथे फ्रेम सोडली की वजनच खाली येतं. तुमची गाडी कुठली हे खाली वाकून डोळ्यांनी बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि पहिल्या प्रकारातही आधार लावाच. झुलणाऱ्या इंजिनमुळे वरच्या फाउंडेशनचं रबर फाटतं, एसीचा पाइप ताणला जातो, सायलेन्सरचा जाळीचा लवचीक भाग चिरतो. फोक्सवॅगन गटाच्या मॅन्युअलमध्ये तो भाग १० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका असं स्पष्ट दिलंय. तो नियम मी सगळ्याच गाड्यांना लावतो.

आधार वरून द्यावा, आडव्या सपोर्ट बीमने. बीमचे पाय मडगार्डच्या आतल्या, बोनेटखालच्या पन्हळीत बसले पाहिजेत, जिथे बॉडीचा दुहेरी पत्रा असतो. मडगार्डच्या बाहेरच्या पत्र्यावर ठेवले तर तो दबतो. हुक इंजिनच्या लिफ्टिंग कड्यांना. कडी काढून टाकलेली असेल तर सिलिंडर हेडमध्ये पक्का बोल्ट आणि जाड पट्टी लावा. प्लॅस्टिकच्या इनटेक मॅनिफोल्डला किंवा एखाद्या पाइपच्या क्लॅम्पला साखळी कधीही अडकवू नका.

किती उचलायचं? उचलायचं नाहीच, फक्त भार घ्यायचा. हुकची साखळी ताणली गेली की अर्धा-अर्धा आटा फिरवत जा आणि दुसऱ्या हाताने खालच्या फाउंडेशनचा सैल केलेला बोल्ट हलवून बघा. तो बोटांनी फिरायला लागला की थांबा. तेवढाच आधार बरोबर. बोल्ट हातोडीने ठोकून काढावा लागत असेल तर इंजिन अजून ताणात आहे.

ऑइल चेंबरखाली जॅक लावून इंजिन धरण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. मला ती अजिबात मान्य नाही. एकतर जॅक नेमका फ्रेम खाली यायच्या वाटेत येतो. दुसरं म्हणजे हायड्रॉलिक जॅक तासाभरात हळूच खाली बसतो. आणि पत्र्याचं चेंबर आत दबलं तर ऑइल पंपाची जाळी तळाला टेकते, ऑइल ओढलं जात नाही, आणि इंजिन जाम होईपर्यंत हे कोणाला कळत नाही. बीम मिळतच नसेल तर चेंबरच्या पूर्ण रुंदीची जाड लाकडी फळी आणि तिच्याखाली लोखंडी स्टँड, हा निरुपायाचा मार्ग. गाडीखाली माणूस असताना बॉडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) पाहिजे, जॅकवर नाही.

खूण आधी, पाना नंतर

चाकं सरळ करा, किल्ली काढून स्टिअरिंग लॉक करा आणि शिवाय सीटबेल्ट स्टिअरिंगमधून ओढून बांधा. बॅटरीचं निगेटिव्ह काढून पाच-दहा मिनिटं थांबा. रॅकपासून कॉलम सुटल्यावर कोणी चुकून स्टिअरिंग गरागरा फिरवलं तर आतली एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (वायरची गुंडाळी) तुटते, आणि एअरबॅगचा दिवा लागतो तो बोल्ट आवळून विझत नाही. कॉलमचा खालचा जॉइंट आणि रॅकचा दांडा यांवर एकच सरळ रेघ रंगाने मारा. परत जोडताना एक दाता चुकला तर स्टिअरिंग साधारण दहा अंश वाकडं येतं. मग लोक टाय रॉड फिरवून ते सरळ करतात, आणि गाडी एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी वळते.

आता फ्रेम. प्रत्येक बोल्टभोवती वॉशरच्या कडेने टोकदार सुईने रेघ ओढा आणि वर रंग लावा. नुसता मार्कर ऑइलने पुसला जातो. फ्रेमवर लोकेटिंग भोकं असतील तर ती शोधा. अनेक गाड्यांत फ्रेममधलं एक भोक बॉडीतल्या भोकाच्या समोर येतं, त्यात बरोबर बसणारी गुळगुळीत सळई घालून जागा पक्की करता येते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या काही गाड्यांसाठी तर लोकेटिंग पिनांचा सेटच येतो: एक बोल्ट काढायचा, त्याच्या जागी पिन फिरवायची, मग पुढचा. असा सेट नसेल तर बॉडीच्या दोन ठरावीक भोकांपासून आर्मच्या बोल्टपर्यंतचे कर्ण टेपने मोजून वहीत लिहा.

शिक्षकांच्या गाडीत जुन्या कामाची खूण नव्हती, पण वॉशरचा जुना ठसा होता. तोच मी मूळ जागा धरली आणि कर्ण मोजून पडताळला.

गंजलेल्या गाडीत बोल्टवर आदल्या संध्याकाळी गंज सुटणारं ऑइल मारून ठेवा. एअर गन लगेच लावू नका. चासीच्या आत वेल्ड केलेला नट सुटून गोल फिरायला लागला तर फ्लोअर कापून तो धरावा लागतो, आणि एका बोल्टसाठी दोन दिवस जातात. बोल्ट पाव आटा सैल, परत थोडा घट्ट, परत सैल, असा हाताने सोडवला की सहसा वाचतो.

बाकीची उकल गाडीप्रमाणे असते, ती लांबवत नाही. लिंक रॉड, बॉल जॉइंट, रॅकचे बोल्ट, पाइपचे क्लॅम्प, सेन्सरच्या वायरचे क्लिप. एकच सांगतो: नकल बाहेर ओढला तर एक्सलचा आतला जॉइंट घसरून निघतो, म्हणून नकल शॉकअपला तारेने बांधून ठेवा. नुसती फ्रेम दोन माणसं उचलतात. आर्म आणि रॅकसकट ती खाली घ्यायची असेल तर खाली फळी आणि दोन जॅक, दोन्ही बाजू एकसारख्या उतरवत.

बसवताना कुठे वेळ द्यायचा

फ्रेमची आणि बॉडीची टेकणारी जागा घासून धातूपर्यंत स्वच्छ करा. वेल्ड नटच्या आट्यांतून आधी साफ करणारा टॅप फिरवा, मग हवा मारा. फ्रेमची पोकळी धुवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण चिपळूणच्या गाडीचा निम्मा आवाज इथेच गेला.

बोल्ट नवे घ्या. ज्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये टॉर्कपुढे अंशही दिलेला असतो, म्हणजे आधी न्यूटन-मीटर आणि मग ९० अंश, तिथला बोल्ट आवळताना मुद्दाम ताणला जातो. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढं धरत नाही. चार-सहा बोल्टांचा खर्च दोन टायरांपुढे काहीच नाही, आणि सरकलेल्या फ्रेमवर टायर कडेने खाल्ले जातात. बोल्टवर ग्रीस लावू नका, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच. ग्रीस लागलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो.

सगळे बोल्ट हाताने, तीन-चार आटे. मग पिन किंवा सळई घालून जागा आणि ओढलेल्या रेघा जुळवा. मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, आधी हलके, मग पूर्ण. पूर्ण आवळल्यावर कर्ण परत मोजा. पान्याच्या ओढीनेही फ्रेम एखादा मिलिमीटर सरकते, म्हणून मी शेवटच्या टॉर्कआधी आणि नंतर दोनदा मोजतो.

आर्मच्या बुशचे बोल्ट मात्र गाडी हवेत लटकलेली असताना शेवटचे आवळू नका. बुशचं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटलेलं असतं. चाक लटकलेलं असताना आवळलं तर गाडी जमिनीवर उतरताच रबर पिळलं जातं आणि तसंच पिळलेलं राहतं. काही महिन्यांत फाटतं आणि नवा आर्म पुन्हा बदलला जातो. चाकं रॅम्पवर टेकलेली असताना, किंवा बॉल जॉइंटखाली जॅक देऊन बॉडी घोडीवरून किंचित उचलली जाईल इतका भार आल्यावर आवळा.

इंजिनच्या फाउंडेशनचंही तसंच. बीम सैल करा, खालचा बोल्ट हलका लावा, इंजिन हाताने पुढे-मागे हलवून जागेवर बसू द्या, मग आवळा. काम झाल्यावर न्यूट्रलमध्ये स्टिअरिंग थरथरत असेल आणि आधी तसं नसेल, तर पहिला संशय ताणात आवळलेल्या फाउंडेशनवर घ्या. फाउंडेशन सैल करून परत बसू देणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. नवं फाउंडेशन आणायची घाई करू नका.

शेवटी चार चाकांचं अलाइनमेंट, आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) किंवा इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर स्कॅनरने स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर. कॅम्बर अजूनही आरशासारखा चुकत असेल तर फ्रेम परत सैल करून ढकला. अलाइनमेंटवाला जॅक लावून शॉकअप वाकवून आकडा आणायला निघाला तर त्याला थांबवा. त्याने कागद हिरवा होतो, पण फ्रेम वाकडीच राहते आणि शॉकअपचा दांडा तिरका घासत राहतो.

रेघ परत बघा

बोल्ट पक्के झाल्यावर पांढऱ्या रेघा नव्याने मारून गाडी द्या आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत बोलवा. रेघ अखंड असेल तर पान्याला हात लावू नका. अंशाने आवळलेला बोल्ट पुन्हा आवळला तर त्याचा ताण बिघडतो. रेघ तुटली असेल तर तोच बोल्ट अजून आवळून भागत नाही. तो काढा, आटे तपासा, नवा घाला.

शिक्षकांच्या गाडीचा कॅम्बर दोन्हीकडे उणे अर्ध्या अंशाच्या आसपास आला. आर्मचे बुश आधीच पिळून फाटायला लागले होते, ते मात्र बदलावे लागले. दुसऱ्या महिन्यात ते घाट चढून परत आले तेव्हा गाडी वर घेतली. मागच्या डाव्या बोल्टवर लाल माती बसली होती. बोटाने पुसली, खाली रेघ सरळ होती.